गोगलगाय, दोन चाबूक आणि तीन ओळी: पाठ्यपुस्तकातल्या आंबेडकर-व्यंगचित्राचं प्रकरण

गोगलगाईच्या पाठीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले आहेत. तिच्या शंखावर इंग्रजीत ‘कॉन्स्टिट्यूशन’ असं लिहिलेलं आहे. बाबासाहेबांच्या हातात लगाम आणि चाबूक. मागे पंडित नेहरू उभे, त्यांच्याही हातात चाबूक, तोही उगारलेला. पार्श्वभूमीला माणसांची दाटी. सगळे हा प्रकार पाहताहेत आणि त्यांच्या चेहऱ्यांवर हसू आहे.

के. शंकर पिल्लै यांचं हे चित्र २८ ऑगस्ट १९४९ रोजी त्यांच्याच ‘शंकर्स वीकली’त छापून आलं. जवळपास ६३ वर्षांनी, मे २०१२मध्ये, अकरावीच्या पाठ्यपुस्तकात छापलेल्या याच चित्रावरून संसदेचं कामकाज ठप्प झालं, केंद्रीय मंत्र्यांनी सभागृहात माफी मागितली, दोन ज्येष्ठ अभ्यासकांनी राजीनामे दिले आणि पुणे विद्यापीठातल्या एका कार्यालयाची तोडफोड झाली.

व्यंगचित्र न्याय्य आहे का, हा एक प्रश्न. त्याने कुणी दुखावलं का, हा दुसरा. ते छापावं का आणि कुठे, हा तिसरा. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. अगदी न्याय्य चित्रही माणसाला झोंबतं, आणि धडधडीत अन्याय्य चित्र कुणालाच न टोचता वर्षानुवर्षं छापलं जातं. २०१२मध्ये हे तिन्ही प्रश्न एका दिवसात एकाच उत्तराने मिटवले गेले, ते उत्तर म्हणजे चित्र काढून टाकणं. म्हणून ते इथे एकेक सुटे करून पाहायचे आहेत.

चित्र पुस्तकात आलं ते असं

२००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीने, म्हणजे शालेय पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्या केंद्रीय संस्थेने, राज्यशास्त्राची पुस्तकं नव्याने लिहून घेतली. नववी ते बारावीच्या या पुस्तकांचे मुख्य सल्लागार होते योगेंद्र यादव आणि पुण्याचे सुहास पळशीकर. वरच्या राष्ट्रीय देखरेख समितीच्या दोन अध्यक्षांपैकी एक होते गो. पु. देशपांडे, मराठी वाचकांना नाटककार म्हणून परिचित. घोकंपट्टीचं नागरिकशास्त्र बाजूला सारायचं आणि मुलांना प्रश्न विचारायला लावायचं, ही त्या पुस्तकांची भूमिका होती. त्यासाठी वर्तमानपत्रांची कात्रणं, पोस्टरं आणि व्यंगचित्रं पानोपानी आली. समासात उन्नी आणि मुन्नी ही दोन रेखाटलेली मुलं अडचणीचे प्रश्न विचारत. व्यंगचित्र इथे सजावटीला नव्हतं. मजकुराइतकंच तेही वाचायचं होतं.

अकरावीचं भारतीय संविधानावरचं पुस्तक २००६च्या मार्चमध्ये निघालं. संविधान का हवं आणि ते कसं घडलं, हे सांगणाऱ्या पहिल्याच प्रकरणात शंकर यांचं हे चित्र होतं. खालच्या तीन ओळींचा आशय असा: संविधान ‘गोगलगाईच्या गतीने’ तयार झालं असं व्यंगचित्रकाराला वाटतं, ते तयार व्हायला जवळपास तीन वर्षं लागली, व्यंगचित्रकार त्यावरच बोट ठेवतो आहे का, आणि घटना समितीला एवढा वेळ का लागला असेल?

उत्तर त्याच प्रकरणाच्या मजकुरात होतं. घटना समिती १६६ दिवस बसली, जवळजवळ प्रत्येक तरतुदीवर वाद झाला, आणि फारशी चर्चा न होता मंजूर झालेली एकच मोठी गोष्ट म्हणजे सार्वत्रिक मताधिकार, असं ते सांगतं. म्हणजे चित्राने टोमणा मारायचा आणि मजकुराने तो खोडायचा, अशी ही रचना. चित्र आणि मजकूर एकत्र वाचणाऱ्याला ती कळते. तेवढंच पान मोबाइलवर फोटो काढून पाठवलं, किंवा सभागृहात हात उंच करून दाखवलं, की चित्र एकटं उरतं. पानावरचं व्यंगचित्र मजकुराच्या आधी वाचलं जातं आणि मजकुरापेक्षा जास्त दिवस डोक्यात राहतं. मजकूर सुधारून घेईल या भरवशावर कोणतंही चित्र पानात लावू नये. त्याला जी पुरवणी हवी ती त्याला चिकटूनच हवी.

मे २०१२

पुस्तक सहा वर्षं शाळांमध्ये होतं. ११ मे २०१२ रोजी तमिळनाडूचे खासदार तोल. तिरुमावळवन यांनी हा विषय लोकसभेत काढला आणि दोन्ही सभागृहांत गदारोळ झाला. मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी माफी मागितली आणि चित्र मागे घेत असल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी यादव आणि पळशीकर यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी, १२ मेला, पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची काही कार्यकर्त्यांनी तोडफोड केली. १३ मेला संसदेच्या पहिल्या बैठकीला ६० वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्तचा रविवारचा सोहळा आटोपला आणि १४ मेला लोकसभेत चर्चा सुरू झाली ती केवळ या चित्रावर नाही, तर पाठ्यपुस्तकांतल्या एकूण व्यंगचित्रांवर. राजकारण्यांची प्रतिमा मलिन होते, हा मुद्दा आता पुढे आला.

इथे क्षणभर थांबायला हवं. शुक्रवारी मूळ तक्रार होती ती बाबासाहेबांच्या अवमानाची. सोमवारपर्यंत तिच्या आडोशाने दुसरीच तक्रार आत शिरली होती, ती म्हणजे आम्हा पुढाऱ्यांची टिंगल नको. पहिली तक्रार शतकानुशतकं अपमान सोसलेल्या समाजाची होती. दुसरी सत्तेत बसलेल्यांची. या दोन तक्रारी एका पंगतीला बसवणं हा दलित समाजावरचाच अन्याय होता, कारण त्याच्या खऱ्या दुखण्याचा वापर करून दुसऱ्याच कुणाला सोयीचं संरक्षण मिळालं. जूनमध्ये बारावीच्या पुस्तकातल्या आर. के. लक्ष्मण यांच्या हिंदीविरोधी आंदोलनावरच्या चित्राला तमिळनाडूतून आक्षेप आला. दार एकदा असं उघडलं की रांग लागते.

सरकारने सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने जूनअखेर अहवाल दिला. अनेक व्यंगचित्रं वगळावीत आणि काहींखालच्या ओळी बदलाव्यात अशी तिची शिफारस होती. समितीतले इतिहासकार एम. एस. एस. पांडियन यांनी मात्र असहमतीची टिपणी जोडली.

उशीर नेमका कुणामुळे?

चित्र दुखावतं का, याआधी ते खरं बोलतं का, हे तपासायला हवं. राजकीय टीकाचित्राला अतिशयोक्तीची मुभा आहे, पण अतिशयोक्ती कशाची तरी असावी लागते. नाक मोठं काढा, पण ज्याचं आहे त्याचंच काढा. शंकर यांचा आरोप असा की संविधानाचं काम रखडलं आहे आणि लगाम आंबेडकरांच्या हाती आहे. त्याचे दोन भाग पडतात.

पहिला भाग, काम रखडलं होतं का? घटना समिती ९ डिसेंबर १९४६ला पहिल्यांदा बसली आणि २६ नोव्हेंबर १९४९ला तिने संविधान स्वीकारलं. २५ नोव्हेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी या प्रश्नाला थेट उत्तर दिलं आहे. अमेरिकेला चार महिने लागले, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष, कॅनडाला दोन वर्षं पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं. पण आपल्या संविधानात ३९५ कलमं होती, त्या देशांच्या संविधानांत त्याच्या निम्मीही नव्हती. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. या काळात देशाची फाळणी झाली, निर्वासितांचे लोंढे आले आणि शेकडो संस्थानं विलीन करून घ्यायची होती. ‘गोगलगाय’ हा शब्द या वेगाला लागू पडत नाही.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. उशीर झाला असं मानलं, तरी त्याचा लगाम कुणाच्या हाती होता? मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ला नेमली गेली. म्हणजे शंकर यांचं चित्र छापून आलं ते समितीला दोन वर्षं पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी. समितीने १९४८च्या फेब्रुवारीत मसुदा तयार करून दिला होता, सहा महिन्यांत. तो आठ महिने लोकांच्या अभिप्रायासाठी खुला होता. ४ नोव्हेंबर १९४८ला बाबासाहेबांनी तो सभागृहात मांडला आणि त्यानंतर एकेक कलमावरची चर्चा सुरू झाली. ऑगस्ट १९४९च्या अखेरीस काय उरलं होतं? मालमत्तेच्या भरपाईचं कलम सप्टेंबरच्या १० आणि १२ तारखेला चर्चेला आलं, राजभाषेचं १२ ते १४ सप्टेंबरला. ही दोन्ही भिजत पडली होती ती काँग्रेस पक्षातल्या मतभेदांमुळे, आणि तिथे आंबेडकर नव्हते. मसुदा समितीला त्या गाठी सोडवण्याचा अधिकारच नव्हता.

समितीची अवस्था कशी होती ते टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८लाच सभागृहात सांगितलं होतं. सातांपैकी एकाने राजीनामा दिला, एक वारले आणि त्यांची जागा भरली गेली नाही, एक अमेरिकेत, एक संस्थानी कारभारात गुंतलेले, एकदोघे प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर. त्यामुळे मसुद्याचं ओझं शेवटी डॉ. आंबेडकरांवर पडलं, असं त्यांचं सांगणं. ज्याने इतरांच्या वाटचं ओझं उचललं, त्यालाच चित्रात ओझ्याच्या संथपणाचं कारण म्हणून बसवलं गेलं. सभागृहातही एका सदस्याने मसुदा समितीला ‘ड्रिफ्टिंग कमिटी’, म्हणजे वाहवत जाणारी समिती, म्हटलं होतं. अधिक चांगल्याचा शोध घेणं म्हणजे वाहवत जाणं नव्हे, असं उत्तर बाबासाहेबांनी दिलं.

तेव्हा आमचा स्पष्ट निष्कर्ष: १९४९ सालीच, राजकीय भाष्य म्हणून, हे चित्र अन्याय्य होतं. हे घडतं कसं, तेही व्यंगचित्रं छापणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. सामूहिक विलंबाला चेहरा नसतो आणि व्यंगचित्राला चेहरा लागतो. मग रोज उभं राहून प्रत्येक दुरुस्तीला उत्तर देणारा, वर्तमानपत्रांतून सर्वांत जास्त दिसणारा माणूस चित्रकाराच्या हाती येतो. उपलब्ध चेहरा आणि जबाबदार चेहरा यांची गल्लत ही या कलेतली सगळ्यात नेहमीची चूक आहे. आजही अर्थसंकल्पापासून पाणीटंचाईपर्यंत ती रोज होते.

चाबूक कुणी कसा वाचला

आता दुखावण्याचा प्रश्न. चित्राच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं की नेहरूंचा चाबूक गोगलगाईवर आहे, बाबासाहेबांचाही तिच्यावरच आहे, दोघे मिळून तिला हाकत आहेत. हे वाचन चूक नाही. रेषांमधून ते निघतं. पण रेषांमधून दुसरंही वाचन निघतं. नेहरू मागे आहेत, बाबासाहेब मध्ये आहेत, आणि नेहरूंच्या चाबकापासून गोगलगाईपर्यंतच्या वाटेत बाबासाहेबांची पाठ येते. चाबकाची दोरी नेमकी कुठे पडणार हे चित्रात ठरलेलं नाही. ज्याच्या घराण्यात पाठीवर वळ उठलेले आहेत त्याची नजर आधी पाठीकडे जाते. इतरांची गोगलगाईकडे. एकाच चित्रात दोघांनाही आपापलं दिसतं आणि दोघेही खरं सांगत असतात.

मराठी डोळ्याचं तर आणखी वेगळं आहे. इंग्रजीत संथपणाला गोगलगाईची गती म्हणतात. आपण मुंगीच्या पावलांनी किंवा कासवाच्या गतीने म्हणतो. गोगलगाय म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा ‘गोगलगाय नि पोटात पाय’ आठवतं, वरून गरीब आणि आतून कावेबाज. म्हणजे इंग्रजी वाचकाला जे चित्र फक्त ‘उशीर’ म्हणतं, ते मराठी वाचकाच्या कानात लबाडीचीही कुजबुज करू शकतं. चाबूक म्हटलं की आपल्याकडे आसूड आठवतो, जोतीराव फुल्यांचा असूड आठवतो आणि स्वतःच्या अंगावर आसूड ओढत दारोदार फिरणारा पोतराजही आठवतो. चित्राला भाषा लागत नाही असं म्हणतात, ते खरं नाही. म्हण आणि वाक्प्रचारावर उभं असलेलं व्यंगचित्र भाषा ओलांडताना अर्थ बदलतं. संपादकाने ते दुसऱ्या भाषेच्या, दुसऱ्या प्रांताच्या वाचकापुढे ठेवण्याआधी त्या भाषेतल्या चार जणांना दाखवून ‘तुम्हाला काय दिसतं’ एवढंच विचारावं. ‘हे आक्षेपार्ह वाटतं का’ असं विचारू नये. तसं विचारलं की समोरचा सावध उत्तर देतो आणि खरी माहिती हातची जाते.

तिसरा घटक म्हणजे गर्दी. विनोदी चित्रात हसणारी माणसं काढली की वाचकाने कुठे उभं राहायचं हे ठरून जातं, हसणाऱ्यांच्या बाजूला. इथे हसणारे बघे आहेत, आणि हसण्याचं लक्ष्य गोगलगाईवर बसलेला माणूस आहे. चौकात एकाला उभं करून बाकीच्यांनी हसायचं, हा गावगाड्यात अपमान करण्याचा जुनाच प्रकार आहे. आमच्या मते या चित्रातली सर्वांत बोचरी गोष्ट चाबकापेक्षाही ही गर्दी आहे, आणि २०१२च्या चर्चेत तिच्याबद्दल फारच कमी बोललं गेलं.

शिवाय हे चित्र एकटं नाही. १९३२ ते १९४८ या काळात इंग्रजी वर्तमानपत्रांत बाबासाहेबांवर आलेली शंभराहून अधिक व्यंगचित्रं उन्नमती श्याम सुंदर यांनी शोधून ‘नो लाफिंग मॅटर’ या संग्रहात एकत्र केली आहेत. ती सलग पाहिली की रेषांमधली सवय दिसते. आंबेडकर पुन्हापुन्हा लहानखुरे, हट्टी, इतरांच्या कामात खोडा घालणारे असे काढलेले आहेत. एक चित्र चूक म्हणून सोडून देता येतं. पुन्हापुन्हा तसंच काढलं गेलं तर तो पूर्वग्रह असतो. एखादं चित्र अन्याय्य आहे का हे ठरवताना त्याच चित्रकाराची, त्याच माणसावरची आधीची दहा-वीस चित्रं शेजारी ठेवून बघणं ही सगळ्यात भरवशाची चाचणी आहे. एका संध्याकाळचं काम असतं.

‘मला सोडू नका, शंकर’ आणि बाकीचे युक्तिवाद

चित्राच्या बचावात एक वाक्य सर्रास आलं. १९४८मध्ये ‘शंकर्स वीकली’च्या उद्घाटनाला नेहरू शंकर यांना म्हणाले होते, मलाही सोडू नका. नेहरूंचा मोठेपणा त्यात आहेच. पण नेहरू देशाचे पंतप्रधान होते. सत्तेच्या शिखरावर बसलेल्याने स्वतःवरच्या टीकेला परवानगी देणं आणि ज्याला सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी पिण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला त्याच्याकडून तीच अपेक्षा धरणं, यांत फरक आहे.

दुसरा युक्तिवाद असा झाला की बाबासाहेबांच्या हयातीत चित्र आलं, तेव्हा त्यांनी काही म्हटलं नाही. ते खरं मानलं तरी त्यातून निघतं एवढंच की १९४९च्या दिल्लीतल्या राजकारण्याने १९४९च्या साप्ताहिकातला टोला सहन केला. २००६ सालच्या वर्गात सोळा वर्षांची दलित मुलगी पहिल्या बाकावर बसलेली आहे, मागचे कुजबुजत आहेत आणि शिक्षक ‘हे चित्र बघा’ म्हणताहेत, तिच्या वतीने बाबासाहेबांनी संमती दिलेली नव्हती. दरम्यान बाबासाहेबांची प्रतिमाही बदलली होती. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक रस्त्यावर उतरले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जण मेले. पुस्तक निघालं त्याच २००६ साली सप्टेंबरात खैरलांजीचं दलित हत्याकांड घडलं. ज्या समाजासाठी एका माणसाची प्रतिमा ही स्वतःच्या माणूसपणाची खूण झालेली आहे, तिथे त्या प्रतिमेवरची रेष वेगळ्याच वजनाची होते.

पण आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचीही एक गोष्ट न लपवता सांगायला हवी. १९८७मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड छापला, तेव्हा त्यातल्या राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टाने भावना दुखावतात म्हणून ते वगळा, अशी मागणी झाली होती. त्या वेळी छापील शब्दाच्या बाजूने मुंबईच्या रस्त्यांवर जो प्रचंड जनसमुदाय उतरला तो आंबेडकरी समाजाचा होता. भावना दुखावल्या एवढ्यावरच मजकूर काढायचा नसतो, हे तत्त्व महाराष्ट्रात याच चळवळीने रस्त्यावर उतरून मांडलेलं आहे. म्हणून पुण्यातली तोडफोड ही चळवळीच्या परंपरेला सोडून होती. जिच्यावर हल्ला झाला ती व्यक्ती संविधान मुलांपर्यंत नेणाऱ्या पुस्तकाची सल्लागार होती, हे तर आणखी वेदनादायक.

कायदा कुठवर नेतो

संपादकांना कायद्याची चौकट माहीत असावी, तिच्यावर विसंबून मात्र राहू नये. दोन गटांत वैर वाढवणारा मजकूर पूर्वी भारतीय दंड संहितेच्या १५३अ कलमाखाली येई, १ जुलै २०२४पासून तो भारतीय न्याय संहितेच्या १९६व्या कलमाखाली येतो. अशा मजकुराचा परिणाम कोणत्या वाचकाच्या मापाने मोजायचा, याचं आजही उद्धृत होणारं सूत्र नागपूरचं आहे. भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात न्या. व्हिव्हियन बोस यांनी म्हटलं की मोजमाप विवेकी, खंबीर आणि धीट माणसाच्या दृष्टीने करावं, डळमळीत मनाच्या माणसाच्या नव्हे. प्रौढांच्या साप्ताहिकासाठी ही कसोटी योग्यच आहे. पण अकरावीच्या वर्गात बसलेलं मूल अजून घडत असतं, ते पान त्याच्या परीक्षेला असतं आणि उठून जायची त्याला मुभा नसते. म्हणून पाठ्यपुस्तकाची कसोटी कायद्यापेक्षा कडक असायला हवी, आणि ती पाठ्यपुस्तकापुरतीच असायला हवी.

आणखी दोन गोष्टी २०१२नंतर बदलल्या. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात झालेली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६पासून लागू झाली. अनुसूचित जाती-जमातींना अत्यंत आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी, तोंडी किंवा अन्य प्रकारे अनादर करणं हा आता कलम ३(१)(व्ही)खाली गुन्हा आहे. आणि २०१५मध्ये ‘गांधी मला भेटला’ या वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या कवितेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या बाबतीत अश्लीलतेची कसोटी अधिक कडक लागते. या दोन्हींमुळे आज हेच चित्र शिक्षणासाठी पुन्हा छापायचं म्हटलं तर संदर्भ, तारीख आणि हेतू पानावरच स्पष्ट नोंदवलेला असणं व्यावहारिकदृष्ट्याही गरजेचं झालं आहे.

काय करता आलं असतं

आक्षेप खरा होता, उपाय चुकला. चित्र काढल्याने ते अन्याय्य का होतं हे शिकण्याची जागाच पुस्तकातून गेली. १९४९च्या उच्चवर्णीय इंग्रजी पत्रकारितेने बाबासाहेबांना कसं पाहिलं याचा पुरावा मुलांच्या हाती होता, तो काढून घेतला गेला.

काम करण्याचा क्रम सोपा होता. तक्रार आल्यावर पहिल्यांदा ती नेमकी कशावर आहे हे लिहून घ्यायचं: आकृतीवर, कृतीवर, चित्राखालच्या ओळींवर, की चित्र त्या जागी असण्यावर? या चारही गोष्टींचे उपाय वेगळे असतात. मग चित्रातला आरोप एका साध्या वाक्यात लिहायचा, ‘आंबेडकरांमुळे संविधानाला उशीर झाला’, आणि त्याच्यासमोर तारखा मांडायच्या. वाक्य उघडं पडलं की निम्मा वाद तिथेच स्वच्छ होतो. त्यानंतर आक्षेप घेणाऱ्यांपैकी दोन-तीन अभ्यासक आणि वर्गात ते पान शिकवणारे शिक्षक, त्यांत दलित शिक्षक असलेच पाहिजेत, यांना पुस्तककर्त्यांसोबत बसवायचं. पुस्तक दर वर्षी पुन्हा छापलं जात होतं. पुढच्या मुद्रणात बदल करायला हातात महिने होते. प्रत्यक्षात निर्णयाला एक दिवसही लागला नाही आणि समिती नेमली गेली ती निर्णय झाल्यावर.

मूळ तीन ओळींतला दोष आता उघड दिसतो. ‘गोगलगाईच्या गतीने’ हे शब्द चित्रकाराच्या नावावर घातले असले तरी ‘एवढा वेळ का लागला’ हा पुढचा प्रश्न तोच आरोप गृहीत धरून विचारला गेला. चित्रात कोण आहे, कोणाच्या हातात काय आहे, तारीख कोणती, याबद्दल एक शब्द नव्हता. म्हणजे जे डोळ्यांना खुपत होतं त्याच्याविषयीच पुस्तक गप्प होतं. मौन हे संमतीसारखं वाचलं जातं.

योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी पुढे, जून २०२३मध्ये, पुस्तकांतल्या नव्या काटछाटीमुळे आपली नावंच त्यांवरून काढावीत असं एनसीईआरटीला कळवलं. ते प्रकरण वेगळं, त्याची कारणंही वेगळी. पण चर्चेविना मजकूर उतरवण्याची वाट २०१२मध्ये, सर्वपक्षीय सहमतीने, मोकळी झाली होती.

त्या पानावर चित्र ठेवून खाली हे छापता आलं असतं:

‘शंकर्स वीकली’, २८ ऑगस्ट १९४९. गोगलगाईवर मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर, मागे पंतप्रधान नेहरू. या दिवशी मसुदा तयार होऊन दीड वर्ष झालं होतं. मालमत्ता आणि राजभाषा ही कलमं बाकी होती. ती कुणामुळे अडली होती ते शोधा. उशिराची जबाबदारी चित्रकाराने कुणावर टाकली आहे? ते योग्य आहे का? नेहरूंचा चाबूक कुणावर उगारला आहे असं तुम्हाला वाटतं? शेजारच्याला वेगळं वाटत असेल तर का, ते त्याला विचारा. मागची माणसं कुणाला हसत आहेत?